पहिल्या भागातली पोरगी

माय, काल माझ्या पोरीनं टीव्हीवर त्या मुखवटेवाल्या खुन्याचा नवा भाग लावला, आणि पहिल्या भागात जिवंत वाचलेली ती पोरगी त्यात परत आली. केस पिकलेत, चष्मा लागलाय, पण डाव्या हातावर भाजल्याचा तोच वण. एवढी वर्षं ती कुठं होती, हे पिक्चर संपेपर्यंत कोणी सांगत नाही. मी विचारलं तर पोरगी म्हणाली, "पप्पा, मधले तीन भाग झालेच नाहीत असं समजायचं." मला रात्रभर झोप नाही. थकलोय मी, माय, म्हणून लिहायला बसलोय.

कुंभार पिंपळगावात मी सीडीच्या दुकानात कामाला होतो तेव्हा रविवारी दुपारी एखादी सीडी घरी आणायचो. बाबा बाजेवर, मी खाली सतरंजीवर, आणि तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तूर निवडत बसलेली. रक्त दिसलं की तू सुपात बघायचीस, पण पिक्चरवाल्यांची चूक तुझ्या नजरेतून सुटली असं कधी झालं नाही. "ह्याचा उजवा डोळा फुटल्ता ना रे? मंग आता डावा कसा झाकून राह्यला?" बाबा हसायचे. तुझं चालूच, "हॉस्टेलसकट जळून गेल्ता हा. मंग आला कुठून, अन् मुखवटा कसा न्हाई जळला?" खुनी मेला तर पुढचा भाग कसा निघणार, असं मी म्हणालो की तू गप्प बसायचीस. एका प्रश्नावर मात्र गप्प बसली नाहीस. "ती वाचल्ती ती पोरगी कुठंय? दुधाच्या गाडीत बसून गेल्ती. आता तिचं नाव बी कोणी घेऊन न्हाई राह्यलं."

ताई स्वतःच्या मनानं लग्न करून घरातून गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं, आणि तू एकदाही काढलं नाहीस. चौथ्या भागात पोलीस चौकीच्या भिंतीवर त्या पोरीचा फोटो क्षणभर दिसतो. तू म्हणालीस, "मागं घे." मी घेतलं. "अजून एकदा घे." तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा बाबा खेकसले, "येड लागलं का तुला?" तू सूप उचलून आत गेलीस. मी पाणी प्यायला आत आलो तर तू चुलीकडे तोंड करून हळूच विचारलंस, "बरी असंल ना रे ती पोरगी?" मी म्हणालो, "पिक्चर हाय माय. त्यात बरी काय न् वाईट काय." तू पदरानं तोंड पुसलंस आणि भाकरी थापायला घेतलीस.

तू कोणाचं विचारत होतीस ते मला बराबर कळलं होतं. ताई दर महिन्याला दुकानाच्या फोनवर फोन करायची, माय. नाशिकला होती, तिला मुलगी झाली होती. "मायला सांगू नको, बाबांना कळलं तर तिलाच बोलणी बसतील," असं तिनं बजावलं होतं, आणि मी ते पाळलं. पाळलं कसलं, बाबांना भ्यायलो. ताई बरी आहे, एवढंच तुला ऐकायचं होतं. बाबा बाजेवरून उठायच्या आत सांगून झालं असतं.

तुझ्या तेराव्याला ताई आली. बाबा बाहेर निघून गेले. ती तुझ्या चुलीपाशी उभी राहिली, तुझं सूप हातात घेतलं आणि मला विचारलं, "मायनं माझं कधी इचारलं का रे?"

मी म्हणालो, "न्हाई."

हो म्हणालो असतो, तर "मंग तू मायला काय सांगितलंस?" असं तिनं मला विचारलं असतं. तिनं सूप खुंटीला अडकवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. आजही ती तेच खरं मानून चालली आहे.

हे पत्र तुला पोचायचं नाही, ते मला ठाऊक आहे. लिहायला बसताना पाकिटावर मी ताईचाच पत्ता घातला होता. आता ते कपाटात, त्या जुन्या सीड्यांच्या खाली ठेवून देतो. बाबांना जाऊनही किती वर्षं झाली, माय. तरी भीती वाटते.