एकशे पंचेचाळिसावा

रविवार, ९ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.४०

आमदार झालो. अपक्ष, सहाशे बारा मतांनी. गुलाल अजून कानातून निघतोय.

पण खरी बातमी ती नव्हे. संयुक्त आघाडी १४४, परिवर्तन मोर्चा १३८. सरकार बनवायला लागतात १४५. म्हणजे आघाडीला एक माणूस कमी. टीव्हीवरचा टायवाला दर दोन मिनिटांनी विचारतोय, सत्तेची चावी कोणाकडे. सहज खिशात हात घातला तर चावी. बर्फ फॅक्टरीची होती, पण अशा गोष्टी उगाच घडत नाहीत.

सगुणाला गणित समजावलं. म्हणाली, पण अहो, अपक्ष सहा आलेत. म्हटलं, बरोबर. म्हणाली, आणि त्यांना हवा एक. म्हटलं, बरोबर, तो मी. ती भांडी आवरायला गेली. राजकारणातलं गणित तिला जमत नाही.

ठरलं. मत्स्यव्यवसाय खातं, तेही कॅबिनेट. त्याच्या खाली बोलणी नाहीत. डोक्यावरून बर्फाची पाटी वाहून सुरुवात केलेला माणूस मी, आज दोन फॅक्टऱ्या आहेत. या धंद्यानं एकच शिकवलं : समोरच्याची मासळी नरम पडायला लागेपर्यंत भाव सांगायचा नाही. संदेश म्हणाला, भावोजी, पण तोवर आपला बर्फ पण वितळतो ना. संदेश सगुणाचा भाऊ. फॅक्टरी सांभाळतो. त्याला तेवढंच सांभाळू द्यावं.

सोमवार, १० नोव्हेंबर

फोन एक्केचाळीस. पैकी एकोणतीस बर्फासाठी. तरी बारा राजकीय.

मोर्चाच्या अध्यक्षांनी स्वतः फोन केला. लवूशेट, आमच्याकडे या, राज्यमंत्री करतो. अपक्ष सगळे आले तरी त्यांचे होतात १४४. म्हणजे एक कमीच. हे मी त्यांना सांगितलं नाही. नुसतं 'बघू' म्हटलं. पण जड आवाजात. पलीकडे अध्यक्ष खाकरले. माझे कान तिखट आहेत, मशीनचा आवाज ऐकून कुठला पट्टा तुटणार ते सांगतो. अध्यक्ष घाबरले होते.

दुपारी यमुनाबाई आली. जेटीवरच्या सगळ्या मासळीवाल्या तिचं ऐकतात. खाडीच्या तोंडाशी गाळ साठलाय, ओहोटीला होड्या टेकतात. गेल्या वर्षी तिथंच तिच्या मुलाची होडी पलटली. मुलगा वाचला, पाय कामातून गेला. प्रचारात मी तिच्यासमोर नारळावर हात ठेवून सांगितलं होतं की गाळ मीच काढणार. आज म्हणाली, शेट, मंत्री व्हा नायतर राजा व्हा, पण मार्चच्या आत गाळ निघाला नाय तर तुमच्या फॅक्टरीच्या दारात टोपली घेवन बसन. म्हटलं, यमुनाबाई, नुसता गाळ काय मागतेस, अख्खं खातंच आणतो. म्हणाली, खाता नको, गाळ काढा.

मोठा विचार करायची सवय नाही लोकांना.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज बाजी मारली.

आघाडीचे दिल्लीचे निरीक्षक त्रिवेदीजी आलेत. आरे-वारे किनाऱ्याच्या वरच्या कातळावरच्या रिसॉर्टमध्ये उतरलेत. बाकीच्या पाच अपक्षांना बसमधून आणून तिथंच ठेवलंय. मलाही खोली देत होते, समुद्राकडची. नको म्हटलं. घर चौदा किलोमीटरवर असताना दुसऱ्याच्या गादीवर कशाला झोपायचं? शिवाय सगळा माल एका जागी ठेवला की भाव पडतो.

कोट घालून गेलो. चहा, काजू, समुद्र वगैरे झालं. मग त्रिवेदीजी मुद्द्यावर आले. तो भाटकरजी, आप हमारे साथ हैं ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काजू संपवला. सावकाश उठलो. हात जोडले आणि फक्त एवढंच म्हणालो, अच्छा, तो मैं आता हूँ. आणि सरळ बाहेर. ना हो, ना नाही.

कुणाकडूनही निघताना 'जातो' म्हणायचं नाही, ही आईनं लावलेली सवय. दिल्लीवाल्यासमोर हिंदीतसुद्धा सुटली नाही. संस्कार.

मागे वळून पाहिलं नाही, पण ऐकलं. त्रिवेदीजींची खुर्ची सरकली आणि टाळी वाजली. बहुधा डास मारला असेल. तिथं संध्याकाळी फार डास.

आता लोळण घेत येतील.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी १०

आघाडीचा फोन नाही. उत्तम. दबाव वाढतोय.

दुपारी १

मोर्चाचाही फोन नाही. त्यांच्यापर्यंत माझ्या वॉकआउटची बातमी गेली असणार. हादरलेत.

४.१५

संदेशला अंगणात जाऊन मला फोन करायला सांगितलं. लागला. फोन चांगला आहे.

५.३०

संदेश म्हणतोय, आपणच करू या का एक फोन? म्हटलं, गप्प बस, यालाच बार्गेनिंग म्हणतात. सगुणा म्हणाली, याला वाट बघणं म्हणतात. दोघं एकाच घरातले.

शपथविधीसाठी जाकीट शिवायला टाकलं. शिंप्याला म्हटलं, छातीवर जरा सैल ठेव, माणूस मंत्री झाला की छाती वाढते. म्हणाला, शेट, पोटाचा काय? त्याचं मोजमाप घेऊ दिलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

अजून फोन नाही. मन जरा लागेना. त्या रिसॉर्टला बर्फ आपलाच जातो हे एकदम आठवलं. टेम्पोत धाकूशेजारी बसलो आणि मागच्या दारानं किचनमध्ये उतरलो. धाकू वीस वर्षं आपला टेम्पो चालवतोय. म्हणाला, शेट, पुढच्या दारानं गेलात तर चहा तरी मिळेल. राजकारण त्यालाही कळत नाही.

किचन आणि मीटिंग हॉल यांच्यामध्ये लाकडी जाळी आहे, तिच्यामागे बर्फाच्या पाट्यांवर बसलो. चाळीस मिनिटं. खालून बधिर झालो, पण कान चालू होते. त्रिवेदीजी स्पष्ट म्हणाले, भाटकर का तो हो गया, उनकी चिंता नहीं, अब मत्स्य विभाग का देखो.

माझं झालं. खात्याची तेवढी औपचारिकता राहिली. डोळ्यांत पाणी आलं. गारठ्यानंही असेल.

पुढं म्हणाले, योगिनीजी को ज़रा समुंदर दिखा दो. या योगिनीताई म्हणजे पार तिकडच्या दुष्काळी तालुक्यातून आलेल्या अपक्ष. बिचारीनं समुद्र पाहिला नसेल. माणुसकी म्हणून मीच पुढं झालो. किचनमधून बाहेर येऊन, भिजलेल्या पँटीनं, त्यांना खाली पुळणीवर घेऊन गेलो. काय जिज्ञासू बाई. भरती कशी येते, पावसाळ्यात मासेमारी का बंद ठेवतात, बर्फाला अनुदान का हवं, सगळं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मग मी खाडीच्या तोंडाचं सविस्तर सांगितलं. किती फूट गाळ, कुठला ड्रेजर लागतो, मार्चच्या आतच का काढायला हवा. यमुनाबाईच्या मुलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाल्या, भाऊ, हे तुम्ही त्या खात्यात कुणाला सांगितलंय का? मी हसलो. म्हटलं, आता सांगायची गरज पडणार नाही ताई.

त्यांचा नंबर घेतला आणि घरून सुरमई पाठवायला सांगितली त्यांच्यासाठी. उद्या आपल्याच मंत्रिमंडळाला पाठिंबा देणारी बाई.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ११

टीव्हीवर आघाडीची यादी. राज्यपालांना दिली म्हणे, पाठिंबा १५० आमदारांचा. सहाही अपक्षांची नावं. सहावं माझं. मी सही केलेली नाही. माझ्या नावापुढे लिहिलंय : तोंडी संमती.

कुणाच्या तोंडची?

११.५०

चौदाव्या वेळेला त्रिवेदीजींनी उचलला. म्हटलं, मी कधी हो म्हणालो? ते म्हणाले, भाटकरजी, आपने ही तो कहा, मैं आता हूँ. मैंने पूछा, आप हमारे साथ हैं? आप बोले, मैं आता हूँ. और क्या चाहिए? म्हटलं, हमारे यहाँ जाते वक्त आता हूँ बोलते हैं. ते म्हणाले, तो आप जा रहे थे? म्हटलं, नहीं, आ रहा था. मतलब, जा रहा था, लेकिन आने के लिए. मग मायेनं म्हणाले, भाटकरजी, इस समय आप कहाँ हैं? म्हटलं, घर. म्हणाले, तो आराम कीजिए. आपकी कोई माँग नहीं थी, यह हम कभी नहीं भूलेंगे.

१२.३०

मोर्चाच्या अध्यक्षांना लावला. म्हणाले, तुम्ही तिकडे 'आता हूँ' बोललात ते पंधरा मिनिटांत आम्हाला कळलं, म्हणून तर फोन बंद केले शेट. आणि आमचे होतात किती आता? १३८ आणि तुम्ही. बसून पत्ते खेळू.

दुपारी २

संदेशला विचारलं, नाव मागे घेतलं तर? म्हणाला, राहतात १४९, हवेत १४५. कॅलक्युलेटर दाखवत होता. त्याला घराबाहेर जायला सांगितलं.

सगुणा म्हणाली, त्या दिवशी सरळ 'जातो' म्हणाला असतात तर? म्हटलं, तर अपशकुन झाला असता.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ९.१०

डाव अजून हातात आहे. त्रिवेदीजींच्या पीएला निरोप दिला : कॅबिनेट नसेल तर विचार करावा लागेल.

११.३०

उत्तर नाही. निरोप दिला : राज्यमंत्रिपदावर तडजोड शक्य. स्वतंत्र कार्यभार.

दुपारी १

स्वतंत्र नसला तरी चालेल.

३.४०

महामंडळ. कुठलंही. काजू महामंडळ असतं का, हे संदेशला शोधायला सांगितलं. तो परत आलाय. नसेल तर काढता येईल.

५.००

पीएचा मेसेज. धडपडून उघडला. रिसॉर्टच्या निरोपाच्या जेवणाला बर्फाच्या आठ लाद्या जास्त लागतील.

५.०५

पाठवल्या.

६.२०

यमुनाबाई कुंपणाशी येऊन गेली. टीव्हीत तुमचा नाव दिसला, सरकारात आहात ना, मग आमच्या गाळाचा काय. दार उघडलं नाही. सगुणाला सांगितलं, मी मुंबईला गेलो म्हणून सांग. सगुणानं सांगितलं, आतमध्ये झोपलेत.

नारळावर हात ठेवला होता मी. आजपर्यंत कुणाला शब्द दिला आणि बर्फ पोचला नाही असं झालेलं नाही. तीस वर्षांत एकदाही नाही. आता त्या बाईला काय सांगू, तेच सुचत नाही. दुपारपासून काही खाल्लं नाही. सुरमई पाठवली त्याऐवजी आपणच खायला हवी होती.

रविवार, १६ नोव्हेंबर. मुंबई

शपथविधी. शेवटच्या क्षणी नाव येतं, असं पूर्वी झालेलं आहे म्हणतात. म्हणून नवं जाकीट घातलं आणि पहाटेच्या गाडीत शपथ पाठ केली. मी, लवू धोंडू भाटकर, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की. शेजारचा प्रवासी पनवेलला डबा बदलून गेला.

खुर्ची सतराव्या रांगेत. पुढं कॅमेऱ्याचं स्टँड. दर नावाला अर्धा उठलो. एकोणीस नावं झाली. शेवटी मागच्या माणसानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, काका, मूळव्याध आहे का?

योगिनीताईंनी शपथ घेतली. आवाज चांगला आहे त्यांचा. कॅबिनेट.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

खातेवाटप झालं. मत्स्यव्यवसाय : योगिनीताई.

त्यांच्या तालुक्यात विहिरीलासुद्धा पाणी नाही.

दुपारी त्यांची पत्रकार परिषद लागली होती. पहिलाच निर्णय : रत्नागिरीच्या खाडीचा गाळ मार्चच्या आत काढणार. किती फूट, कुठला ड्रेजर, सगळं न अडखळता. पुढचं वाक्य मी टीव्हीच्या आधी म्हणत होतो. सगुणा कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. पत्रकारांनी विचारलं, ताई, समुद्राचा एवढा अभ्यास कधी केलात? म्हणाल्या, तिथल्या एका जाणकार गृहस्थांनी समजावलं. नाव घेतलं नाही. घाईत असतील.

वस्तुस्थिती अशी आहे की सरकार माझ्यामुळे बनलं, खातं माझ्या सल्ल्यानं चालणार आणि गाळ माझ्या शब्दाप्रमाणे निघणार. मंत्री कोण, हा तपशील आहे. हे संदेशला सांगितलं. तो हो म्हणाला. पहिल्यांदाच इतक्या पटकन हो म्हणाला, त्यामुळे बरं वाटलं नाही.

संध्याकाळी ६

यमुनाबाई आली. या वेळी मीच दार उघडलं. बरोबर मुलगा, काठी टेकत. दोघांच्या हातात पेढे. म्हटलं, आत या, बसा. म्हणाली, नाय बसत शेट, सगळ्या बायका जेटीवर थांबल्यात. पेढा दिला. मुलगा वाकून पाया पडायला लागला, त्याला धरला. पाय वाकत नव्हता त्याचा.

मी वाट बघत होतो. आता म्हणेल. तिनं पदराला गाठ मारली, सोडली. मग म्हणाली, शेट, येक विचारू? बायकांना ताईंचे आभार मानायचेत. त्यांचा नंबर तुमच्याकडं हाय का?

पाठ होता. सांगितला.