प्लास्टिकखालचं पाणी

९ ऑक्टोबर

आज सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी माझं वाटोळं झालं. वेळ लिहून ठेवलेली बरी.

झालं एवढंच — मामा आणि मी रंगाच्या कामासाठी एका गॅरेजची जमीन बघायला गेलो होतो. घरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार उघडलं आणि ती आली. अंगात जनावरांच्या दवाखान्याचा हिरवा कोट, बाहीला मांजराचे केस. तिने विचारलं, गाडी किती दिवस बाहेर ठेवायची? बस्स! मामा म्हणाला, शेवटचा हात मारल्यावर सात दिवस. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तोंड मिटव. माशी जाईल."

बाकी दिवस घाण. कोपऱ्यात गेल्या हिवाळ्यातल्या मिठाचे पांढरे पापुद्रे, मध्ये तेलाचे काळे डाग, फळीखाली वाळलेला उंदीर. तो उंदीर मीच उचलला. कॉलेज सोडलं ते यासाठी! दीड वर्ष शिकलो, सरांशी भांडलो, बाक उलटा केला आणि निघून आलो. आईने मला तिच्या भावाच्या, या मामाच्या, गळ्यात बांधलं. आता मी लोकांच्या गॅरेजच्या जमिनी खरवडतो. नाक शिंकरलं की सिमेंट निघतं.

१० ऑक्टोबर

मामाचा नियम आहे. कोटिंगआधी, म्हणजे सिमेंटवर तो जाड चकचकीत रंग चढवण्याआधी, जमीन पारखायची. हातभर प्लास्टिकचा चौकोन घ्यायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि एक अख्खा दिवस तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी उचलून पाहायचं. खाली दव धरलं असेल तर जमिनीतली ओल वर चढते आहे. मग काम थांबवायचं. नाही थांबवलं तर हिवाळ्यात तीच ओल गोठते, फुगते आणि कोटिंगला खालून ढुशी देते. इथले चार महिने म्हणजे नुसता बर्फ, आणि तो वितळावा म्हणून रस्त्यावर पोत्यांनी मीठ.

आज चौकोन लावायला मामाने मला एकट्यालाच सोडलं. मी हिशेब केला — उद्या पाहणी, परवा घासणी, मग दोन दिवस कोटिंग. संपलं! पुन्हा या घरात पाय टाकायला कारण नाही. ती स्वयंपाकघरात फोनवर कुणाला तरी कुत्र्याच्या जुलाबांबद्दल सांगत होती. काय गोड सांगत होती.

बाटली हातात होतीच. चौथी कड बंद करायच्या आधी ओंजळभर पाणी आत शिंपडलं.

लिहितानाही शिसारी येते. आली तर आली. दिवस वाढले.

११ ऑक्टोबर

ओल 'निघाली'. मामाने उकिडवं बसून प्लास्टिकखाली बराच वेळ बघितलं. चार दिवस हीटर लावू म्हणाला. मी म्हटलं, मी येईन रोज बघायला.

"येशीलच," म्हणाला.

१३ ऑक्टोबर

बोलली! हीटरचा आवाज फार होतो, बाबांना झोप लागत नाही म्हणाली. मी म्हटलं, सॉरी. चार वेळा म्हटलं.

तिचे बाबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. मी त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलंय. गॅरेजमधली कपाटं भिंतीपासून किती लांब सरकवली ते त्यांनी टेप लावून बघितलं. वहीत लिहूनही ठेवलं, म्हणजे नंतर सगळं जागच्या जागी जाईल.

सकाळची पाळी असली की ती सातला दवाखान्यात हजर. सहा महिने शिकाऊ, मग कायम घेतील. गाडी नसती तर जमलंच नसतं, म्हणाली. पहिली बस सात वीसला.

१६ ऑक्टोबर

आज हसावं की रडावं कळेना.

काल दुसरा चौकोन लावला होता. देवाशपथ, एक थेंबही घातला नव्हता. आज उचलला — खाली दव! बारीक, सगळीकडे सारखं, आणि खालची जमीन गडद. खरीखुरी ओल. तळहाताला गार लागली.

मामाला फोन केला, ये आणि बघ म्हटलं. तो तिकडे दुसऱ्याच जमिनीवर. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा तिथूनच म्हणाला, "जमिनीला घाम येतो तो कपाळाला आल्यासारखा येतो, भाच्या. तुझा पहिला चौकोन आंघोळ घातल्यासारखा होता. मी तेव्हा गप्प बसलो, वय आहे तुझं. आता पुरे झाला तुझा पाऊस. फाड ते आणि मशीन लाव."

मी म्हटलं, मामा, या वेळी खरंच आहे. तो म्हणाला, तुझं प्रेमही खरंच असेल, पण पुढचं गिऱ्हाईक थांबलंय.

फोटो काढून पाठवता आला असता. दार ठोठावून फूटपट्टीला दाखवता आलं असतं. पण मग पहिल्या चौकोनाचंही निघालं असतं. तिच्यासमोर.

फाडलं. मशीन लावलं. संध्याकाळपर्यंत जमीन घासून पांढरी केली. ओल कुठे होती ते आता देवालाही सापडणार नाही.

१८ ऑक्टोबर

शेवटचा हात झाला. जमीन आरशासारखी! राखाडीत निळ्या ठिपक्यांचा सडा. ती दारात उभी राहून म्हणाली, "इथे आता जेवायलासुद्धा बसता येईल."

मी रिकामे डबे उचलले आणि गाडीकडे पळालो.

४ डिसेंबर

पहिला बर्फ. रस्त्यावर मिठाच्या गाड्या फिरायला लागल्या.

१७ जानेवारी

फूटपट्टीचा फोन आला. गेलो.

मागच्या चाकाखाली कोटिंगची तळहाताएवढी खपली उठलेली. दरवाज्याजवळ फोड, पाय दिला की पचकन दबतात. एका फोडातून पाणी आलं — गढूळ, आंबूस वासाचं. मामाने खपली उचलली. मी शेजारीच होतो. तिच्या पाठीवर पांढरी भुकटी आणि ओल. खालून आलेलं पाणी, दुसरं काही असूच शकत नाही. मामाने पाहिलं. मी पाहिलं. मामाने खपली उलटी केली, ठिपके वर, आणि खिशात घातली!

मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "साहेब, गाडी आत कधी घेतली होती?"

फूटपट्टीने वही आणली. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्याला. २४ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा चाळीस. गारा पडत होत्या म्हणून तिने गाडी आत घेतली. सहावा दिवस.

"सात सांगितले होते," मामा म्हणाला. "तापलेलं चाक कच्च्या कोटिंगवर आलं की ते धरून वर ओढतं."

फूटपट्टीने वही मिटली आणि तिच्याकडे बघितलं. ती मामाला म्हणाली, "चूक माझीच आहे."

आणि मी! मी खाली बघून बुटाच्या नाडीशी खेळत होतो.

१८ जानेवारी

गाडीत मामाला विचारलं, खपली खिशात का घातलीस? म्हणाला, कचरा लोकांच्या घरी टाकायचा नसतो.

मी म्हटलं, ओल होती, मी सांगितलं होतं. त्याने गाडी बाजूला घेतली. आवाज न चढवता म्हणाला, हो, सांगितलं होतंस. पण त्याच्या आधी काय केलं होतंस, तेही सांगायचं का त्यांना? चल, आत्ता जाऊ. वळवू गाडी?

मी म्हटलं, नको.

त्याचे हात बघितले. नखांत वाळलेलं कोटिंग. मग माझे बघितले. तेच.

२५ जानेवारी

आज सकाळी बसथांब्यावर ती दिसली. नाक लाल, हात बगलेत. मी मामाची गाडी थांबवली, सोडतो म्हटलं. नको म्हणाली. मग स्वतःच सांगितलं — बाबांनी किल्ली काढून घेतली. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, जिला दिवस मोजता येत नाहीत तिने गाडी चालवू नये. दवाखान्यात आठवडाभर उशीर. महिनाअखेरपर्यंत वेळेवर यायला लागलीस तर ठीक, नाहीतर दुसरी शिकाऊ घेऊ, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.

"त्यांचं तरी काय चुकलं?" म्हणाली. "गाईला बघायला बाई आली नाही, तर गाय थोडीच थांबणार आहे?"

बस आली. चढली. बसच्या मागच्या काचेवर मिठाचा चिखल होता, दिसेनाशी झाली.

एक वाक्य! एकच वाक्य बोललो असतो, तर आज संध्याकाळी किल्ली तिच्या हातात असती.

२८ जानेवारी

काल दिवसभर एका डॉक्टरच्या गॅरेजमध्ये. मामा चौकोन लावत होता आणि मी मनात भाषण पाठ करत होतो. 'मी तुम्हाला फसवलं.' नको. 'माझ्या हातून चूक झाली.' हे तर बुळबुळीत. 'शिक्षा द्या, पण तिला देऊ नका.' हे चांगलं वाटलं. मग माझीच मला किळस आली — कबुलीत शब्द चांगले कशाला पाहिजेत?

मामी जेवताना म्हणाली, हा सुकत चाललाय. मामा म्हणाला, चांगलं आहे, सुकल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

३० जानेवारी

गेलो होतो.

बेल वाजवली. फूटपट्टी एकटेच घरी. ती संध्याकाळच्या पाळीला गेलेली, बसने. त्यांनी आत बसवलं, पाणी दिलं, मामा बरा आहे का विचारलं. तेव्हाच सांगता आलं असतं. सांगणारच होतो. मग वाटलं, ती नसताना सांगून काय उपयोग? तिने माझ्या तोंडून ऐकायला हवं.

पाणी प्यायलो आणि आलो. आणखी दोन-तीन दिवसांनी काय बिघडतं?

१ फेब्रुवारी

मामाच्या दुसऱ्या पँटच्या खिशात खपली सापडली. मामीने धुवायला काढली होती, खिसे मी रिकामे करून दिले. पाठीवरची भुकटी अजून तशीच. कागदात गुंडाळून ठेवली.

मामाला सांगितलं, मी जाणार आहे आणि सगळं सांगणार आहे. मला वाटलं, मारेल. ताटावरून मान वर न करता म्हणाला, जा. मग उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस.

३ फेब्रुवारी

सांगितलं. फूटपट्टी खुर्चीत, ती कपाटाला टेकून उभी. पहिलं पाणी माझं, दुसरं जमिनीचं. खपली टेबलावर ठेवली, पाठ वर करून. फूटपट्टीने चष्मा लावून ती बघितली, आतून किल्ली आणली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने उचलली नाही. म्हणाली, परवा दवाखान्यात दुसरी मुलगी आली.

मग फूटपट्टीने वही उघडली. त्यांना ते सांगावंसं वाटलं, एवढंच. "तीस तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हा आला होता. पाणी पिऊन गेला."

तिने माझ्याकडे बघितलं.

"तेव्हा महिन्याचा एक दिवस बाकी होता. मी घरी नव्हते म्हणून सांगितलं नाही," ती म्हणाली.

मी उठलो. बाहेर आलो. दार ओढून घेतलं.