भट्टीवरच्या लाल औषधाबाबत

प्रति,
मा. औषध अधिकारी साहेब,
जिल्हा कार्यालय यांचे सेवेशी

अर्जदार : इंदूबाई घारे, परिचारिका, मु. कडाव, ता. कर्जत

विषय : वीटभट्टीवर मुलांना पाजले जाणारे सर्दी-तापाचे औषध बंद करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. ११ जानेवारीचा अर्ज, व त्यावर 'मूळ बाटली सीलबंद सादर करावी' हे आपले उत्तर.

महोदय,

१. अर्जदार अठरा वर्षे गळवे फोडते आहे. तिला सहसा किळस येत नाही. आपले उत्तर वाचून आली, हे आधीच नमूद केलेले बरे.

२. नदीकाठच्या भट्टीवर वाडीतल्या बाया विटा थापतात, पोरे झाडाखाली झोळीत असतात. मुकादम पोपट रोज सकाळी एक बाटली आणि एक चमचा घेऊन झोळ्यांच्या रांगेतून फिरतो. लाल औषध सर्दी, ताप, खोकला या तिन्हींवरचे. त्यात ताप उतरवणाऱ्या द्रव्याबरोबर गुंगी आणणारेही आहे, आणि मुकादमाला तेवढेच हवे. अर्जदाराने जाब विचारला तेव्हा हसून म्हणाला, "बाई, सर्दी हाय का नाय कोन बघतो? पोर झोपला का आईचा हात चालतो." तोच चमचा त्याने धोतराला पुसला.

३. डिसेंबरात दीड वर्षाच्या मैनाला ताप आला. आई चिंधी तिला उपकेंद्रात घेऊन आली. अर्जदाराने तापाचे औषध दिले, दिवसातून तीनदा पाज म्हणून बजावले. तेच ताप उतरवणारे द्रव्य लाल औषधातही होते. चिंधीने दोन्ही पाजली. एक बाईंनी दिले म्हणून, एक मुकादमाने दिले म्हणून. दुप्पट मात्रा यकृताला बाधली; चौथ्या दिवशी पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. नऊ दिवस इस्पितळात काढून ती वाचली, पण अजून धड उभी राहत नाही.

४. बाटलीबाबत खुलासा. भट्टीवर रिकामी बाटली कोणी टाकत नाही. बुचाला भोक पाडून, वात ओवून तिची चिमणी करतात. मैनाची बाटली चिंधीच्या खोपीत जळते आहे. सीलबंद करायची तर विझवावी लागेल, आणि त्या खोपीत दुसरा दिवा नाही. एकवीस खोपींत अशाच चिमण्या आहेत. साहेबांनी येऊन पाहाव्यात.

५. तरी भट्टीवरची औषधाची पेटी जप्त व्हावी. याबरोबर तापाचे दुसरे औषध देऊ नये, असे बाटलीवर मराठीत छापावे. चौकशीत अर्जदारासही बोलवावे. 'पोरीला आणखी काय पाजतेस?' एवढेच चिंधीला विचारायचे होते, ते अर्जदाराने विचारले नाही. मुकादमाच्या चमच्याइतकीच तिला आता आपल्या चमच्याची किळस येते. दोषींत पहिले नाव अर्जदाराचे लिहावे, पण उद्या सकाळी मुकादम झोळ्यांतून फिरण्याआधी लिहावे.

अजूनपर्यंत नम्र,
इंदूबाई घारे
दि. २ फेब्रुवारी १९८३

सोबत : बाटलीचे लेबल, एक. काजळी लागलेले. चिंधीने पेटत्या चिमणीवरून ओल्या बोटाने सोडवून दिले.