पार्सलवरचं नाव

मोखाडा, २ जून २०२५

प्रिय लंगड्या,
स. न. वि. वि.

जीपने गणवेशाचं कापड पाठवलंय. चाळीस जोड, शाळा उघडायच्या आत हवेत. नाहीतर खोडाळ्याचे पालक माझ्या दुकानात ठाण मांडतील. अलिशा यंदा दुसरीत ना? तिच्या फ्रॉकचं कापड वेगळं बांधलंय. तुझ्या नातीचे थोडे लाड आम्हालाही करू दे.

लोभ शाळेपासूनचा आहे, तो काही उसवायचा नाही.

तुझा भास्कर

जव्हार, ५ जून २०२५

प्रिय भास्कर,
स. न. वि. वि.

पार्सल पोचलं, शर्ट बेतून झाले. फोनवर बोललो असतो तर नेहमीसारखं हसून सोडून दिलं असतं, म्हणून लिहितोय.

पार्सल अलिशाने घेतलं. वर तू लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं, ‘लंगडा टेलर, जव्हार’. वाचता आलं म्हणून टाळी वाजवली. मग माझ्या पायाकडे बघितलं. तेव्हापासून बाजारात चल म्हणून माझ्या मागे लागत नाही.

पोलिओचं दुःख जुनं झालं. हे नाव मात्र तू पाचवीत ठेवलंस आणि पन्नाशी उलटली तरी मी त्याला ओ देतो. मला ते कधीच आवडलं नाही. आता ओ देणार नाही.

लोभ कमी करू नकोस, मीही करणार नाही.

तुझा मंसूर

मोखाडा, ७ जून २०२५

मंसूर,

पत्र वाचून डोकं फिरलं. चेष्टेत म्हणतो, प्रेमाने म्हणतो. पावसाळ्यात ओढ्यापलीकडे पाठीवर घेऊन तुला कोण जायचं? सगळा बाजार तेच म्हणतो, मग एकटा मीच वाईट? असो. उरलेलं कापड धाडतोय. वर ठळक अक्षरात ‘मंसूर शेख, टेलर’ लिहिलंय. झालं समाधान?

भास्कर

मोखाडा, १० जून २०२५

प्रिय मंसूर,
स. न. वि. वि.

पार्सल परत आलं. जीपचा नेहमीचा ड्रायव्हर रजेवर आहे, बदलीवरचा नीलेश नवा आहे. तुझा फोन बंद. त्याने स्टँडवर विचारलं, किराणावाल्याला, चहावाल्याला विचारलं. मंसूर शेख कुणालाच माहीत नाही. तीस वर्षं तू तिथे कपडे शिवतोस रे! नाव बरोबर लिहिलंय ना, असं नीलेशने मलाच विचारलं.

एक शब्द सांगितला असता तर पार्सल तासाभरात पोचलं असतं. तो तोंडाशी आलाही. मला माझीच लाज वाटली. बाजारातून तुझं नाव मीच पुसलं.

सातचं पत्र पार्सलमध्येच होतं. फाडणार होतो, पण सोबत ठेवलंय. मी काय बोललो ते तुला कळलं पाहिजे. हे पत्र नीलेशच आणून देईल, त्याला या खेपेला मशिदीमागची गल्ली नीट समजावलीय.

उद्या सकाळच्या एसटीने कापड घेऊन मी स्वतः येतोय. तुझं घर मला डोळे मिटून सापडेल. तरी स्टँडपासून दुकानादुकानात विचारत येईन, मंसूर शेख कुठे राहतात म्हणून. माहीत नाही म्हणतील त्यांना मी सांगेन. अलिशाला दारात उभी कर. शेवटी तिलाच विचारायचंय.

दार उघडशील, एवढा लोभ शिल्लक ठेव.

तुझा भास्कर