बाळ पालथं पडेल तेव्हा

बाळाच्या आईस,

तुझं पत्र आणि फोटो पोचले. मी इथे बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझी कंबर अजून दुखते का?

फोटोत बाळ माझ्या धाकट्या भावाकडे बघून खुदकन हसतंय. तू लिहितेस, ‘भाऊजींचा आवाज ऐकला की रडणं बंद.’ चांगलंच आहे. पण बाळानं अजून मान पुरती धरलेली नाही. त्याला म्हणावं, उंच उडवू नकोस, मानेखाली हात ठेव. आणि पापा घ्यायचा तर आधी दाढी कर.

हे मी उगाच सांगत नाही. बेकरीत मी बाळाच्या वजनाइतका पिठाचा गोळा तोलून घेतो आणि मानेखाली हात धरावा तसा धरून पाहतो. काल उस्ताद म्हणाले, “अरे, त्याला भट्टीत घालायचंय की झोपवायचंय?” सगळे हसले. हसू देत. मला हात बसवायचा आहे. मी घरी आलो आणि बाळ माझ्याकडून रडत धाकट्याकडे झेपावलं, तर मला सोसणार नाही.

आई म्हणते, बाळ आता कधीही पालथं पडेल. तेव्हा समोर धाकटा असला, तरी मला तसं कळवू नकोस. पहिल्यांदा तूच पाहिलंस, असं लिही. मी ते खरं मानेन.

आईला नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद, द्यायलाच हवेत म्हणून.

तुझा,
बाळाचा बाबा