एकवीस दिवसांची बाहेरची

मी, एनिड मे पॅस्को, माहेरची ट्रेलोर, वय वर्षे पंच्याऐंशी, राहणार ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्स, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. दबाव कुणाचाही नाही. असता तर मी ऐकला नसता. यापूर्वी मी चार मृत्युपत्रे केली. ती चारही रद्द समजावीत. चारही वेळा मी रागात होते. आज रागात नाही, पण शांत आहे असंही म्हणवत नाही. एवढं लिहिताना दोनदा उठून परसात जाऊन आले.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मिस ओडगर्स यांनी करावी. त्या सिडनीहून इथे येऊन दोनच वर्षे झाली आहेत, त्यामुळे गावातल्या जुन्या भांडणांत त्या कुणाच्याच बाजूच्या नाहीत. असा माणूस आमच्याकडे शोधून सापडत नाही.

२. माझे पती क्लॅरेन्स पॅस्को यांची हत्यारे शेडमध्ये आहेत. ती तंत्रशाळेला द्यावीत. त्यातला मोठा पाइप-पाना शोधू नये. तो शेजारच्या डेस क्वार्टरमेनने १९९६ साली 'उद्या आणून देतो' म्हणून नेला आहे. तो पाना मी त्याला या कलमान्वये देत आहे, म्हणजे निदान मी मेल्यावर तरी तो त्याचा होईल.

३. बँकेतली शिल्लक, माझ्या आईचं शिवणयंत्र आणि फोटोंचे तिन्ही आल्बम माझी मुलगी लॉर्ना हिला द्यावेत. घर तिला देत नाही. हे तिला माहीत आहे. गेल्या महिन्यात फोनवर बोलणं झालं, ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीने लेकीला फसवलं.

मी म्हटलं, "घर तुझ्या नावावर करू का?"

"आई, त्या पत्र्याच्या घराचं मी टाउन्सव्हिलमध्ये बसून काय करू? तिथली धूळसुद्धा शिशाची."

"तू त्याच धुळीत वाढलीस."

"म्हणूनच म्हणते."

"लॉर्ना, तू इथली आहेस. इथे जन्मलीस. गावात तुला कुणी बाहेरची म्हणू शकत नाही."

"मला कुणी काही म्हणावं असं वाटतच नाही गं, आई. ते तुझं वेड आहे."

मला राग आला नाही. तिला जे फुकट मिळालं त्याची तिला गरज नव्हती, एवढंच.

४. आता या वेडाविषयी. हे कलम लांबेल. मिस ओडगर्स म्हणाल्या, "मिसेस पॅस्को, कायद्याला याची गरज नाही." मी म्हटलं, "कायद्याला नसेल."

आमच्या गावात माणसं दोन प्रकारची. इथली आणि बाहेरची. इथली म्हणजे इथे जन्मलेली. बाकी सगळी बाहेरची, मग ती काल आलेली असोत नाहीतर साठ वर्षांपूर्वी. माझे वडील इथल्या शिशाच्या खाणीत होते. थोरला भाऊ मर्व्हिन याच गावात जन्मला, धाकटी डोरीनही. माझ्या वेळी आईला दिवस भरायला महिना होता, आणि तिकडे पीटरबरोला आजीचा पाय मोडला. आई तिला बघायला म्हणून गेली. मी कुणाला न विचारता आधीच आले. ९ फेब्रुवारी १९३८, पीटरबरो, साउथ ऑस्ट्रेलिया. २ मार्चला आई मला घेऊन आगगाडीने घरी परतली. एकवीस दिवस. त्या एकवीस दिवसांनी मला बाहेरची केलं.

लहानपणी ती थट्टा होती. शाळेत पोरं चिडवायची, "एनिड, तुझं गाव सुटलं, गाडी पकड!" मोठी होत गेले तशी थट्टा तीच राहिली, पण हसणारी मी उरले नाही.

माझे पाय मात्र या गावात कधी टिकले नाहीत, हेही खरं. अठराव्या वर्षी टायपिंग शिकायला ॲडलेडला गेले. तिथे झाडं फार जवळजवळ होती, लांबचं काही दिसत नसे. वर्षभराने परतले. १९६४ साली क्लॅरी, मी आणि दोन वर्षांची लॉर्ना सिडनीला गेलो. त्याला गोदीत काम मिळालं होतं. घरमालकीण म्हणाली, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "तुमच्याच राज्यातली." तिने भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवायला सुरुवात केली. बोट डावीकडे सरकत सरकत फ्रेमला लागलं तेव्हा कुठे आमचं गाव सापडलं. "अगंबाई," ती म्हणाली, "हे आपल्यातच येतं होय?" तीन आठवड्यांत आम्ही सामान बांधलं.

गावात असले की मला गावाबाहेरचा रस्ता दिसत राहायचा. बाहेर गेले की गावाविरुद्ध कुणी चकार शब्द काढलेला खपायचा नाही. क्लॅरी म्हणायचा, "तुझ्यासारख्या बाईशी लग्न म्हणजे एकाच बाईला पुन्हा पुन्हा स्टेशनवरून आणणं."

५. गावच्या शताब्दीच्या वर्षी, १९८३ साली, आमच्या क्लबने आवारात एक भिंत बांधायची ठरवली. इथे जन्मलेल्या जुन्या घराण्यांतल्या माणसांची नावं पितळी पट्ट्यांवर कोरायची. समितीचा अध्यक्ष माझा भाऊ मर्व्हिन. टायपिंग येणारी मी एकटी, म्हणून यादी माझ्याकडे आली. सहाशे बारा नावं. चुका निघाल्या म्हणून तीनदा टाइप केली. समितीच्या बैठकांना खिमा भरलेल्या पेस्ट्या भाजून नेल्या, चीज-गाजराची कोशिंबीर केली. आणि शेवटच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, मी मर्व्हिनला विचारलं.

"मर्व्ह, 'ट्रेलोर' खाली तू आहेस, डोरीन आहे. मधे मी नाही."

तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "तू इथे जन्मली नाहीस."

"एकवीस दिवस, मर्व्ह."

"नियम दिवसांचा नाही, जन्माचा आहे. एकीला आत घेतलं तर उद्या अख्खं ॲडलेड रांगेत उभं राहील."

"मी तुझी बहीण आहे."

"भिंतीला बहीण नसते, एनिड."

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे. तो आता हयात नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

त्याच आठवड्यात मी बॅग भरली आणि पीटरबरोला गेले. म्हटलं, जिथली आहे तिथेच जाऊन राहते. मावशीच्या घरी खोली होती. पाच महिने राहिले. तिथल्या बेकरीत पहिल्याच दिवशी बाई म्हणाली, "तुम्ही ब्रोकन हिलकडच्या ना? बोलण्यावरून कळतं." मी म्हटलं, "मी इथे जन्मले." ती म्हणाली, "हो का? पण बोलता हिलसारखंच." पाचव्या महिन्यात त्याच बेकरीत एकजण आमच्या गावाला 'धुळीचं भगदाड' म्हणाला, तेव्हा मी त्याच्याशी इतकी भांडले की पाव तिथेच विसरले. दुसऱ्या दिवशी परतले. क्लॅरी घ्यायला आला होता. म्हणाला, "आलीस? पुढच्या वेळी जाण्यायेण्याचंच तिकीट काढत जा, स्वस्त पडतं."

त्या यादीची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे. ती वाचनालयाला द्यावी. तिच्यात कुणी काही दुरुस्त करू नये.

६. मर्व्हिनशी मी अडतीस वर्षे बोलले नाही. तोही बोलला नाही. गाव एवढंसं, तरी आम्ही कसं जमवलं ते आम्हालाच ठाऊक. मी बाजाराचा दिवस बदलला, त्याने चर्चची वेळ बदलली. २००९ साली क्लॅरी गेला, तेव्हा मर्व्हिन रस्त्यापलीकडे टोपी हातात धरून उन्हात उभा होता. आत आला नाही. मीही बोलावलं नाही. नंतर मी लॉर्नाकडे टाउन्सव्हिलला गेले आणि आठ महिन्यांनी परत आले. तिथेच चौथं मृत्युपत्र केलं होतं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मर्व्हिन ट्रेलोर याला माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये. ते कलम रद्द करण्यासाठीच खरं तर हे पाचवं.

७. राहतं घर, त्यातल्या सामानासह, रोझेल मगबानुआ हिला द्यावं. रोझेल फिलिपाइन्समधल्या इलोइलोची. इथल्या वृद्धाश्रमात परिचारिका आहे आणि गेली सहा वर्षे माझ्या मागच्या खोलीत राहते. मला ती लोला म्हणते, म्हणजे तिच्याकडे आजी. दुकानात तिला लोक विचारतात, "परत कधी जाणार?" ती म्हणते, "ड्यूटी संपली की." आणि घरी येते.

मिस ओडगर्सनी विचारलं, "अट काही? इथेच राहावं, विकू नये, असं?"

"अट नाही. विकून निघून गेली तरी चालेल. मी चारदा गेले."

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी रोझेल कामावरून आली आणि म्हणाली, "लोला, आमच्याकडे एक नवे आजोबा आलेत. स्मरण गेलंय. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला विचारतात, कुठले तुम्ही? मी म्हटलं, इलोइलोची. तर म्हणाले, ते कुठल्या खाणीजवळ?"

मी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"मिस्टर ट्रेलोर."

पुढच्या गुरुवारी मी गेले. तो दारातच होता. बारीक झाला होता. कोटाची बटणं चुकीची लावलेली. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "कुठल्या तुम्ही?"

मी म्हटलं, "इथलीच."

"मग बसा," तो म्हणाला. "मला वाटलंच. चेहरा इथला आहे."

अडतीस वर्षे ज्या वाक्यासाठी मी जळत होते ते असं दारात बसून मिळालं. घरी येऊन मी धुतलेले पडदे परत धुतले. विसराळू म्हाताऱ्याला फसवून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर दर गुरुवारी जाऊ लागले. तो दर वेळी विचारी. मी कधी 'इथली' म्हणे, कधी 'सिडनीची', कधी 'टाउन्सव्हिलची'. सिडनी म्हटलं की तो तोंड वाकडं करी. खरं उत्तर मात्र मी दोन वर्षे दिलं नाही. त्याचं काय होईल याची भीती वाटायची. खरं सांगायचं तर माझं काय होईल याची.

गेल्या गुरुवारी दिलं.

"कुठल्या तुम्ही?"

"पीटरबरोची. तिथे जन्मले. एकवीस दिवसांची असताना इथे आणलं मला."

तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग म्हणाला, "आमच्या एनिडचं अगदी असंच झालं. टॉवेलात गुंडाळून आणली. मी चार वर्षांचा होतो. स्टेशनवर आईने सगळ्यात आधी माझ्या हातात दिली तिला. बाबांच्याही आधी."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग ती एनिड इथली, की बाहेरची?"

तो भडकला. खुर्चीवर काठी आपटली. "एनिड? एनिड आमची आहे हो! हा काय प्रश्न झाला?" मग वाकून, कुणी ऐकत नाही ना ते बघून, हळूच म्हणाला, "तिला सांगू नका पण. डोक्यावर बसेल."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी बॅग भरून बसथांब्यावर गेले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. ॲडलेडची बस आली, थांबली, गेली. डेस क्वार्टरमेन समोरून जाताना म्हणाला, "काय एनिड, पाचव्यांदा?" मी म्हटलं, "बसायला बाक बरा आहे म्हणून बसले." एवढ्या वर्षांत मी ज्या गोष्टीपासून पळत होते ती आता नाही, आणि पायांना ते अजून कळलेलं नाही. तासाभराने उठून घरी आले आणि मिस ओडगर्सना फोन केला.

८. मला क्लॅरीच्या शेजारी पुरावं. दगडावर नाव, साल आणि 'जन्म: पीटरबरो' असं लिहावं. अक्षरं बाकीच्यांइतकीच मोठी असावीत. लाजण्यासारखं त्यात काही नाही. ही गोष्ट मी आत्ता शिकते आहे.

९. माझा भाऊ मर्व्हिन तोवर असला तर त्याला अंत्यविधीला आणावं. रोझेलने त्याच्या कोटाची बटणं नीट लावावीत आणि त्याला पहिल्या रांगेत बसवावं. कोण गेलं, असं तो विचारेल. त्याला एकदा खरं सांगावं. रडला तर रडू द्यावं, त्याचा हक्क आहे. थोड्या वेळाने तो परत विचारेल. तेव्हा पुन्हा खरं सांगून त्याचे हाल करू नयेत. म्हणावं, एनिड बाहेर गेली आहे, येईल. त्याचा विश्वास बसेल. दर वेळी मी आलेच आहे.

वर लिहिलेलं सर्व मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं, आणि ते माझ्या मनासारखं आहे म्हणून खाली सही करते.

(सही) एनिड मे पॅस्को

मिसेस पॅस्को यांनी आम्हां दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही. (डेस क्वार्टरमेन साक्षीला तयार होता. पाना मिळत असल्याने त्याला घेता आलं नाही.)

साक्षीदार १: (सही) ग्वेनेथ बोलिथो, निवृत्त ग्रंथपाल
साक्षीदार २: (सही) नॉरिस खान, कारकून, ओडगर्स यांचे कार्यालय

स्थळ: ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्स
दिनांक: मंगळवार, १४ मार्च २०२३