प्रेमळ म्हातारीचं खरं नाव

आदरणीय टॉर्कल मामांना,

मार्सालीचा नमस्कार. पलीकडच्या बेटावर तुमचा गुडघा आणि होडीचं नवं शीड दोन्ही नीट काम देत असतील, अशी आशा आहे. इकडे मामी, गाय आणि मी ठीक आहोत. (गाय दोन दिवस खोकत होती. मामी म्हणाली, हे लिहू नकोस. पण नुसतं ‘ठीक’ लिहिलं तर ते पुरतं खरं होत नाही.)

पत्रास कारण नकाशेवाले टॅपलो साहेब. त्यांना आपली गेलिक भाषा येत नाही, म्हणून किनाऱ्यावरचं प्रत्येक नाव आणि त्याचा अर्थ लिहून द्यायचं काम त्यांनी मला दिलं, आणि किनारा समुद्रातून चांगला दिसतो म्हणून तुम्ही मला होडीतून नेलंत. बाबांनी घरी चुलीपाशी अक्षरं शिकवताना बजावलं होतं, की ऐकलं तेच लिही, पदरचं घालू नकोस. मी तेच केलं. तुम्ही बोट दाखवून सांगत होतात आणि मी एका हाताने लिहीत, दुसऱ्याने होडीची कड धरून (आणि मधूनमधून कडेवरून वाकून, ज्याबद्दल पुन्हा एकदा माफी) सगळं टिपून घेत होते.

मग मी कागद घेऊन मुर्दो लोहाराकडे गेले, कारण प्रत्येक नावाला गावातल्या जाणत्या माणसाची सही लागते. त्याने वाचलं आणि हातोडा खाली ठेवला. “काळ्या डगल्याचं टोक? अगं पोरी, ते पाद्रीबाबांचं टोक! आणि हा तांबड्या माशाचा ओढा कुठला काढलास? तो तर सामन माशाचा!” मी म्हटलं, टॉर्कल मामांनी सांगितलं. तेव्हा तो एवढा हसला की भाता बंद पडला. “होडीत पाद्र्याचं नाव घेतलं तर मासा तरी लागेल का? होडीत कुणी खरं नाव सांगतं होय?”

मामा, मला हे कोण सांगणार होतं? बायकांना होडीत नेत नाहीत, आणि मला नेलंत तेव्हा तुमचे गडी इतके गप्प होते, की मला वाटलं त्यांनाही मळमळतंय.

बाकीची नावं लोहाराच्या सहीने दुरुस्त झाली. अडलं आहे ते दक्षिणेच्या खडकाचं. तो अर्धा पाण्याखाली असतो आणि त्याचं खरं नाव तो माणसांचं काय करतो ते सरळ सांगतं. मी मात्र तुम्ही होडीत सांगितलेलं लिहून दिलं आहे, ‘प्रेमळ म्हातारी’. साहेबांना ते इतकं आवडलं, की सहीची वाट न बघता त्यांनी ते नकाशावर चढवलंही. “किती गोड!” म्हणाले. मी सांगितलं, साहेब, परक्या गलबतवाल्यांनाही गोड वाटेल, आणि वादळात ते आसऱ्याला तिच्याच कुशीत शिरतील. त्यावर ते गंभीर झाले, पण नियम असा, की नकाशावर चढलेलं नाव ज्याने दिलं त्यानेच, म्हणजे तुम्हीच, सही करून मागे घ्यायचं. शनिवारी नकाशा दक्षिणेला रवाना होतोय. तेव्हापासून मला जेवण जात नाही. (आज दोन भाकऱ्या खाल्ल्या, पण चव नव्हती.)

तुमची भाची,
मार्साली

ता. क. आजोबा त्या खडकापाशी बुडाल्यापासून तुम्ही त्याचं खरं नाव जमिनीवरही घेत नाही, हे मामीने मला कालच सांगितलं. घेऊ नका, मामा. सोबतच्या कागदावर मीच लिहिलं आहे. खाली फक्त सही हवी.

आणखी एक. तो कागद घडी घालून मेणाने बंद केला आहे. समुद्राकडे पाठ करून, घरात उघडावा.

शेवटचं. हे पत्र ईवरच्या होडीतून येत आहे. आत काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही. त्याने धक्क्यावर विचारलं, “कुणाची खबर गं?” मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, एका प्रेमळ म्हातारीची. ते ऐकून, कुणी बुडाल्याची खबर असावी तशी त्याने टोपी काढली, पत्र माझ्या हातात परत ठेवलं, आणि होडीचा दोर सोडून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, पुन्हा घेतलं.